फुकट ब्राउझरचा हिशेब

ब्राउझर पैसे मोजून घ्यायचा असतो असं आज कुणाला सांगितलं तर तो हसेल. पण १९९० च्या दशकात कंपन्यांना नेटस्केप विकत घ्यावा लागे. नॉर्वेच्या ऑपेराचा तर २००५ पर्यंत रोखठोक कारभार होता: जाहिरातींची पट्टी सहन करा, नाहीतर ३९ डॉलर भरा. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि हा बाजारच बसला. नंतर आलेल्या सफारी, फायरफॉक्स, क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्डी यांपैकी कुणीही वापरणाऱ्याकडे ब्राउझरची किंमत मागितलेली नाही.

तरीही ग्राहकाच्या खिशातून पैसे जातातच. थोडे रिचार्जमधून जातात, थोडे जुना संगणक वेळेआधी भंगारात काढल्यामुळे, थोडे ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून नेट कॅफेत करून घेतलेल्या कामांवर. मोठी रक्कम जाते ती मात्र भलत्या जागी बोट पडल्यामुळे. यातला कुठला खर्च खरा आणि कुठला नुसता बाऊ, ते पाहायचं तर आधी ब्राउझर बनवणाऱ्यांचं घर कशावर चालतं ते ठाऊक हवं.

ते चालतं शोधपट्टीवर. तुम्ही वर ‘पुणे ते रत्नागिरी बस’ असं लिहिता, तो प्रश्न कुणाच्या शोधयंत्राकडे पाठवायचा याचे पैसे असतात. अमेरिकेत गुगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. आपलं शोधयंत्र आपोआप निवडलेलं असावं म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात फोन कंपन्या, ब्राउझर कंपन्या वगैरेंना २६.३ अब्ज डॉलर दिले होते. त्या वेळच्या दराने हे जवळपास दोन लाख कोटी रुपये. त्यातला सिंहाचा वाटा अ‍ॅपलचा. फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्नही गुगलकडूनच येतं. म्हणजे गुगलला पर्याय म्हणून तुम्ही जो ब्राउझर घेता त्याचाही पगार गुगलच भरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गुगलला दोषी धरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षा ठरली तेव्हा क्रोम विकून टाकायला लावण्याची सरकारची मागणी फेटाळली गेली. एकट्याशीच बांधून घेणारे करार करायला मनाई झाली, पैसे द्यायला झाली नाही.

दुसरी गोष्ट आतल्या इंजिनाची. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे गुगलने उभारलेल्या क्रोमियम या एकाच सांगाड्यावर उभे आहेत. झोहोचा ‘उला’ही त्याच सांगाड्यावर आहे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, २०२५ मध्ये तिचा निकाल लागला आणि झोहोला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. कौतुक जरूर करावं, पण इंजिन वेगळं आहे अशा समजुतीने कुणी ‘उला’ घेऊ नये. वेगळं इंजिन हवं असेल तर दोनच मोठी नावं उरतात, फायरफॉक्स आणि अ‍ॅपलचा सफारी. आयफोनवर तर हाही प्रश्न नाही. युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर अ‍ॅपल तिथे सगळ्यांना सफारीचंच इंजिन वापरायला लावतं. भारतात घेतलेल्या आयफोनवरचा क्रोम हा क्रोमचा सदरा घातलेला सफारीच असतो. त्यामुळे आयफोनवाल्यांनी ब्राउझरच्या तुलनेत वेळ घालवू नये. सफारी ठेवावा, जाहिराती गाळायला ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ फुकट उतरवून घ्यावा आणि लेखाचा पुढचा बराच भाग सोडून दिला तरी चालेल. फसवणुकीचा भाग तेवढा वाचावा.

डेटा आणि वीज: बाऊ जास्त

‘अमुक ब्राउझर डेटा वाचवतो’ ही जाहिरात आपल्याकडे फार चालते. आकडेमोड करून बघू. समजा, २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा रिचार्ज ३०० रुपयांच्या आसपास पडतो. महिन्याचे ४२ जीबी झाले, म्हणजे एक जीबी साधारण सात रुपयांना. इंटरनेटवरचं मध्यम वजनाचं पान अडीच एमबीच्या आसपास असतं, एका जीबीत अशी चारशे पानं बसतात. एका पानाला दोन पैसेही पडत नाहीत. ब्राउझरने निम्मा डेटा वाचवला तरी वाचला एक पैसा. त्यासाठी आपली सगळी वाहतूक परक्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून आणायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी आणणार नाही. गुगलने तर क्रोममधली डेटा वाचवायची सोय २०२२ मध्ये बंदच करून टाकली.

अपवाद आहे तो रात्री साडेनऊला रोजचा कोटा संपणाऱ्यांचा. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि अडीच एमबीचं पान उघडायला पाच मिनिटं लागतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जिथे रेंजच एक-दोन काड्यांची असते, तिथेही हीच गत. अशा वेळी ऑपेरा मिनी खरंच उपयोगी पडतो. तो पान आपल्या सर्व्हरवर आणतो, पिळून लहान करतो आणि मग तुमच्याकडे पाठवतो. रेल्वेची वेळ, बाजारभाव, निकाल पाहायला ठीक. पण पान मधल्यामध्ये दुसऱ्याच्या हातातून जात असल्याने त्यावर बँकेचं किंवा पासवर्ड टाकायचं कुठलंही काम करू नये.

डेटा खरा जातो जाहिरातींत आणि आपणहून सुरू होणाऱ्या व्हिडिओंत. बातम्यांच्या अनेक पानांवर बातमी चार ओळींची आणि सामान तिच्या पन्नास पट असतं. अँड्रॉइड फोनवर क्रोमला एक्स्टेन्शन लागत नाही, म्हणजे जाहिरात गाळायची जोडणी बसवता येत नाही. फायरफॉक्सला ती लागते आणि डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवरही त्याची एक्स्टेन्शनची दुकानदारी पूर्ण खुली आहे. ‘यूब्लॉक ओरिजिन’ एकदा बसवला की काम झालं. तेवढीही खटपट नको असेल तर ब्रेव्ह घ्यावा, त्यात जाहिराती मुळातच गाळलेल्या येतात. संगणकावरच्या क्रोममध्ये जुना यूब्लॉक ओरिजिन २०२५ पासून चालत नाही. गुगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. ती बरी आहे, जुन्याइतकी धारदार नाही. जाहिरातींवर चालणारी कंपनी ब्राउझरही बनवते तेव्हा असं व्हायचंच.

विजेचं तर बोलूच नये. दोन ब्राउझरांत पाच वॉटचा फरक धरला आणि संगणक रोज सहा तास चालला, तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर चहासुद्धा सुटत नाही. लॅपटॉपची बॅटरी नवी घ्यायला काही हजार पडतात हे खरं, पण तिचं आयुष्य ब्राउझरच्या नावापेक्षा उष्णतेने आणि सतत चार्जिंगला लावून ठेवण्याने जास्त घटतं. मॅकवर मात्र सफारीने बॅटरी जास्त टिकते. तिथे विनाकारण क्रोम घालू नये.

जुना संगणक, जुना फोन

इथे हजारांत पैसे वाचतात, म्हणून जरा थांबू.

‘क्रोम फार रॅम खातो’ हे वाक्य दुकानदार आणि भाचे दोघेही सांगतात. खातो, पण बाकीचेही उपाशी राहत नाहीत. दहा-पंधरा टॅब उघडे असले की कुठलाही आजचा ब्राउझर दीड-दोन जीबी सहज घेतो. त्याला कारण आहे. २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या काही मूलभूत त्रुटी उघड झाल्या. एका टॅबमधलं संकेतस्थळ दुसऱ्या टॅबमधली माहिती चोरू शकेल अशी भीती निर्माण झाली. तेव्हापासून क्रोम, आणि २०२१ पासून फायरफॉक्स, प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या खोलीत ठेवतात. खोल्या वाढल्या की जागा लागणारच. तुमच्या बँकेचा टॅब शेजारच्या सिनेमाच्या टॅबपासून वेगळा राहतो तो याच रॅमच्या भावात.

म्हणून चार जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझर बदलून चमत्कार होत नाही, सवयी बदलून थोडा होतो. क्रोममध्ये ‘परफॉर्मन्स’खाली मेमरी सेव्हर आहे, एजमध्ये न वापरलेले टॅब झोपवायची सोय आहे, ती सुरू करा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कुठला टॅब किती खातो याची यादीच येते. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी कधीतरी बसवलेलं कूपन शोधणारं किंवा पीडीएफ बदलणारं एक्स्टेन्शन दिसतं. ते काढा. एवढं करूनही संगणक अडत असेल तर नवा घेण्याआधी जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवायला किती पडतात ते दोन दुकानांत विचारा. नव्या यंत्राच्या किमतीच्या तुलनेत ती रक्कम लहान असते आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ‘आता यावर इंटरनेट चालणार नाही’ असं सांगून नवे संगणक विकले जाताहेत. असं काही नाही. विंडोज १० वर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत नव्या आवृत्त्या देत राहू असं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं आहे. विंडोजची स्वतःची भोकं बुजवणं थांबतं हा धोका खरा, पण त्यासाठी घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजनाही दिली आहे. नवा संगणक घ्यायचा निर्णय घाईने घेण्याचं कारण नाही.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी. त्यावर क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची, ती जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सने ११५ वी आवृत्ती अशा जुन्या यंत्रांसाठी पुढे बरीच वर्षं रेटली, पण तीही शेवटची घरघर. अशा संगणकावर बँक उघडू नका. घरात कुणी जाणता असेल तर त्यावर लिनक्स मिंट घाला. ते फुकट आहे आणि त्यात ताजा फायरफॉक्स येतो.

फोनचंही तसंच. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड १० लागतं. आई-बाबांकडे दिलेला अँड्रॉइड ८ किंवा ९ चा फोन तुमच्या लक्षात न येता जुन्या क्रोमवर अडकलेला असू शकतो. तो फोन बदलायचा नसेल तर त्यावर फायरफॉक्स बसवा, तो अँड्रॉइड ८ पासून चालतो. पण ही फक्त ब्राउझरची मलमपट्टी झाली. यूपीआय अशा फोनवर नकोच.

सरकारी कामांसाठी वेगळा ब्राउझर

डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढायला १५ रुपये पडतात. तोच नेट कॅफेत काढून घेतला की वरचे पैसे द्यावे लागतात, आणि बरेचदा ते द्यावे लागण्याचं कारण एवढंच असतं की घरच्या ब्राउझरने पॉप-अप अडवलेला असतो. पैसे भरायचं पान नव्या खिडकीत उघडतं, ब्राउझर ती खिडकी उघडू देत नाही, आणि माणूस म्हणतो ‘साइट बंद आहे’. कडक अ‍ॅडब्लॉकर असेल तर कधी भरण्याच्या पानावरून परत येताना गाडी मध्येच अडते. खात्यातून रक्कम वजा होते, पावती येत नाही, मग परताव्याची वाट पाहत बसा.

यावर माझा सल्ला सरळ आहे. एकच उत्तम ब्राउझर शोधत बसू नका, दोन ठेवा. एक कोरा: क्रोम किंवा एज, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही, फक्त बँक, कर, सातबारा, रेल्वे, वीजबिल. दुसरा वाचनाचा आणि भटकण्याचा: फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह, जाहिराती गाळलेला. पहिल्यात भटकायचं नाही, दुसऱ्यात पैसे भरायचे नाहीत. खर्च शून्य.

कोऱ्या ब्राउझरसाठी विंडोजवर एजला मी किंचित झुकतं माप देईन, आणि तेही दोन कारणांनी. डिजिटल सहीची पेनड्राइव्ह वापरणारे संस्थांचे सचिव आणि निविदा भरणारे कंत्राटदार यांना अजूनही इंटरनेट एक्सप्लोररसाठी बांधलेली पानं भेटतात. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याची ‘आयई मोड’ सोय किमान २०२९ पर्यंत राहणार आहे. दुसरं कारण अगदी वेगळं. एजमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे आणि तिला आरोही व मनोहर असे दोन चांगले मराठी आवाज आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना बारीक अक्षर वाचवत नाही त्यांना दिवाळी अंकाचा ऑनलाइन लेख ऐकता येतो. एवढी चांगली गोष्ट मायक्रोसॉफ्ट सांगत नाही आणि नको त्या खरेदीच्या कूपनांच्या खिडक्या मात्र तोंडावर मारत राहतं. त्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा बंद कराव्या लागतात.

इंग्रजी पान मराठीत करून वाचायचं असेल तर क्रोम सर्वांत सोपा. भाषांतर कधी कधी विनोदी होतं, पण औषधाच्या किंवा यंत्राच्या माहितीपत्रकाचा मथितार्थ कळतो.

खासगीपणाबद्दल दोन शब्द पुरेत. इन्कॉग्निटो म्हणजे घरातल्या इतरांपासून लपणं. गुगल, इंटरनेट देणारी कंपनी किंवा ऑफिस यांच्यापासून नव्हे. याच गैरसमजावर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गुगलला साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायला कबूल व्हावं लागलं. इतर कुणी साधुसंत आहेत असंही नाही. काही क्रिप्टो संकेतस्थळांचा पत्ता टाइप करताना ब्रेव्ह गुपचूप आपला दलालीचा कोड जोडतो, हे २०२० मध्ये उघड झालं आणि कंपनीने माफी मागितली. ‘तुमची माहिती कधीच विकणार नाही’ हे वचन फायरफॉक्सने २०२५ च्या सुरुवातीला आपल्या पानावरून काढलं, ओरड झाल्यावर शब्द बदलून खुलासा केला. तरी रोजच्या वापरात हे दोघे क्रोमपेक्षा कमी माग काढतात, हे माझं मत आहे. यूसी ब्राउझरवर मात्र भारतात जून २०२० पासून बंदी आहे. तो कुठूनतरी फाइल उतरवून बसवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर बसवावा.

नवे आहेत ते एआय ब्राउझर. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट जुलै २०२५ मध्ये आला तेव्हा महिना २०० डॉलर भरणाऱ्यांनाच मिळत होता, ऑक्टोबरपर्यंत फुकट झाला. त्याच महिन्यात ओपनएआयचा अ‍ॅटलस आला. हे तुमच्या वतीने पानं वाचतात, बटणं दाबतात, खरेदीही करू शकतात. अडचण अशी की एखाद्या पानात लपवलेली सूचना ते तुमचीच आज्ञा समजून पाळू शकतात. कॉमेटमधली अशी त्रुटी ब्रेव्हच्या लोकांनी दाखवून दिली होती. गंमत म्हणून वापरा, पण त्यात बँक किंवा मुख्य ईमेल उघडलेलं ठेवू नका.

खरी रक्कम कुठे जाते

एखाद्या ज्येष्ठ नागरिकाचे लाखभर रुपये जातात तेव्हा ब्राउझर कुठला होता हे कुणी विचारत नाही. पण बहुतेक वेळा सुरुवात ब्राउझरमध्येच झालेली असते. शोधपट्टीत बँकेचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ लिहिलं, सर्वांत वर आलेल्या प्रायोजित निकालावरचा नंबर फिरवला. किंवा ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे’ असं सांगणाऱ्या पानावरचं बटण दाबलं. खरा क्रोम कधीही एखाद्या संकेतस्थळाच्या पानातून अपडेट मागत नाही, तो स्वतःच्या मेनूतून करतो. तिसरी वाट सूचनांची. कुठल्यातरी पानावर ‘अलाउ’ दाबलं जातं आणि मग रोज ‘व्हायरस सापडला’ अशा पाट्या उमटतात. सेटिंग्जमध्ये साइट नोटिफिकेशन पूर्ण बंद करून टाका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर हे तुम्हीच करा.

बँकेचा पत्ता शोधू नका, बुकमार्क करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर आणायचे होते. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे तो पाहणं ही डोळ्यांनी करता येणारी सोपी तपासणी आहे. जुना बुकमार्क असेल तर तोही बदलून घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवावेत का? वहीत लिहिण्यापेक्षा किंवा सगळीकडे एकच वापरण्यापेक्षा बरं. पण संगणकात चोरटा प्रोग्राम शिरला तर तो आधी ब्राउझरच्या तिजोरीकडेच जातो. पायरसीचा सिनेमा किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या मुलाचा आणि बँकेचं काम करणाऱ्या आईचा संगणक एकच असेल तर बँकेचा पासवर्ड त्यात साठवू नये. फायरफॉक्समध्ये सगळ्या पासवर्डांवर एक मुख्य पासवर्ड लावता येतो, तो लावा.

बदलायला किती वेळ लागतो? अर्धा तास पुरे. नवा ब्राउझर बसवताना तो जुन्यातले बुकमार्क आणि पासवर्ड आपणहून आणायचं विचारतो, हो म्हणा. त्याने विचारलं नाही आणि तुम्हाला पासवर्ड फाइलमधून न्यावे लागले, तर लक्षात ठेवा की ती सीएसव्ही फाइल कुणालाही वाचता येते. काम झालं की ती लगेच पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.